रुपयामागे एक आणा

मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, इटारसी, भोपाळ ही स्थानके मागे टाकीत झाशीस पोहोचतो. तेथून एक फाटा कानपूरकडे वळतो आणि मुख्य मार्ग ग्वाल्हेर-आग्र्यावरून दिल्लीस जातो. नेवाळकरांच्या राजवटीमुळे आणि राणी लक्ष्मीबाईंमुळे झाशी हे नाव मराठी माणसाला परके नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहराला आणखी एक ओळख मिळाली. येथे रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला. डबे दुरुस्त करणारे, भट्टीपुढे लोखंड तापविणारे, रिबिटे ठोकणारे, सुतारकाम व रंगकाम करणारे कारागीर येथे वस्तीस आले. पुढे १९७४ साली झाशीजवळ 'भेल'चा रोहित्रे बनविणारा कारखाना निघाला आणि त्याच्या आधाराने लहानमोठे उद्योगही वाढले.

अशा एखाद्या लहान खासगी कारखान्यातील कामगाराचे पगारपत्रक हाती घेतले, तर त्यात वजावटीचे दोन रकाने दिसतात. एकावर भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला 'पी.एफ.' म्हणतो ते, आणि दुसऱ्यावर कामगार राज्य विमा, म्हणजे 'ई.एस.आय.' असे लिहिलेले असते. पगार हाती पडण्यापूर्वीच पैसे कापले गेले म्हणून पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. कापलेली रक्कम डोळ्यांना दिसते; मालकाने तिच्यात घातलेली भर मात्र दिसत नाही. आणि हे रकाने आले कोठून, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ते सरकारच्या मनात एके दिवशी उगवले नाहीत. सुमारे तीस वर्षे काही माणसे त्यांच्यामागे लागली होती. त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

जोशी यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. यंत्राच्या पट्ट्यात सापडून कामगाराचा हात गेला, तर त्याचे काय होत असे? मालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, हे न्यायालयात सिद्ध केले तरच भरपाई मागता येई. ते सिद्ध कोणी करावयाचे? ज्याचा हात गेला त्याने. साक्षीदार म्हणजे त्याचेच सोबती, आणि त्यांची भाकरी त्याच मालकाच्या हाती. वकिलाची फी ही आणखी वेगळी बाब. त्यामुळे बहुधा मालकाच्या दयेने मिळेल तेवढी रक्कम घेऊन कामगार गावी परतत असे. आजारात पगार बंद, बाळंतपणात काम बंद आणि म्हातारपणी मुलगा सांभाळील तर ठीक, असा एकंदर व्यवहार होता.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, गोरेगाव येथे झाला. (हे गोरेगाव मुंबईचे उपनगर नव्हे.) पुण्यात शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी काही वर्षे शाळांतून अध्यापन केले. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. या संस्थेचे सदस्य अल्प वेतनात सार्वजनिक कार्याला वाहून घेत असत. १९११ साली जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था सुरू केली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी तिची कामे होती. तेथे त्यांना कामगारांची घरे आतून पाहावयास मिळाली. एका खोलीत किती माणसे राहतात, सावकाराचे व्याज किती, आजारपणात घरातील कोणते भांडे आधी गहाण पडते, हे त्यांनी पुस्तकांतून नव्हे तर चाळींतून जाणले. पुढे कायदेमंडळात बोलताना हीच जाण त्यांच्या उपयोगी पडली.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना तेथे पाठविले. कामाचे तास, स्त्री-कामगारांचे बाळंतपण, मुलांचे काम यांविषयी तेथे ठराव झाले. बाळंतपणाविषयीच्या ठरावात प्रसूतीपूर्वी सहा आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीची व त्या काळातील आर्थिक साहाय्याची तरतूद होती. पुढील वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते आणि जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ते बसू लागले आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिले.

नियुक्त प्रतिनिधी म्हणजे निवडून न आलेला. त्यांच्या पाठीशी मतांची गठ्ठी नव्हती. गिरणीमालकांचे व व्यापाऱ्यांचे सभासद संख्येने अधिक होते, आणि राष्ट्रीय चळवळीतील अनेकांचे लक्ष स्वाभाविकपणे स्वराज्याच्या प्रश्नाकडे लागलेले होते. अशा सभागृहात जोशी उठत, आकडे मांडत, उपसूचना देत आणि बहुतेक वेळा मतदानात हरत. पुढच्या अधिवेशनात ते पुन्हा उठत. त्यांच्या भाषणांत आवेश फारसा नसे. असे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येत नाही, म्हणूनच कदाचित आज त्यांचे नाव कमी ऐकू येते.

या चिकाटीचे पहिले मोठे फळ म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. या कायद्याने एक मूलभूत गोष्ट बदलली. काम करीत असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरेसे ठरले. दोष मालकाचा होता, हे सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरले. भरपाईचे मोजमापही ठरले. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती. महिना वीस रुपये मिळविणारा कामगार दगावला, तर त्याच्या कुटुंबास सहाशे रुपये मिळत. तात्पुरत्या अपंगत्वात अर्धे वेतन मिळे, पण पहिल्या दहा दिवसांचे काहीच नाही. आज या रकमा तुटपुंज्या वाटतात, आणि तशा त्या त्या काळीही होत्या. परंतु दयेच्या जागी हिशेब आला, हा फरक लहान नव्हता.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र अपयश पदरी आले. १९२४ साली जोशी यांनी स्त्री-कामगारांना प्रसूतिकाळात रजा व भत्ता मिळावा यासाठी विधेयक मांडले. १९२५ साली ते फेटाळले गेले. प्रश्न तेथे संपला नाही. तो प्रांतांत गेला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात १९२८ साली अशाच विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. लोककल्याणाची जबाबदारी मुख्यतः सरकारची आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकास मिळतो, तेव्हा तिच्या प्रसूतिकाळातील भाराचा काही अंश त्यानेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. दिवसाला आठ आणे असा भत्ता ठरला.

येथे थोडे थांबून एक पेच समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. मुंबईच्या कायद्याने भत्त्याचा सगळा खर्च त्या स्त्रीच्या मालकावर टाकला. मालकाच्या मनात साहजिकच हिशेब सुरू होतो: स्त्रिया ठेवल्या तर खर्च, पुरुष ठेवले तर नाही. म्हणजे ज्या कायद्याने स्त्रीचे रक्षण करावयाचे, त्याच्यामुळेच तिला काम नाकारले जाण्याची भीती. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळी, नवी यंत्रे अशी इतरही कारणे होती. तरीही हे भय निराधार नव्हते. आजारपणाच्या बाबतीतही हेच घडले असते. आजारी कामगाराचा खर्च एकट्या मालकावर टाकला, तर तो अशक्त माणसाला दारातूनच परत पाठवील.

यावर उपाय विम्याचा. समजा, एका कारखान्यात शंभर कामगार आहेत आणि प्रत्येकाचा मासिक पगार शंभर रुपये आहे. वर्षभरात त्यांतील पाच जण प्रत्येकी एक महिना आजारी पडतात. त्या पाचांचे मिळून पाचशे रुपये बुडतात. ज्याच्यावर पाळी येते, त्याचे घर कोलमडते. परंतु हेच पाचशे रुपये शंभरांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला पाच रुपये येतात. त्यात मालकानेही भर घातली, तर कामगाराचा वाटा आणखी घटतो. पाच जण कोण असतील हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून सर्वांनी थोडे थोडे भरावयाचे. आणि सक्ती का? सक्ती नसेल तर धडधाकट माणसे बाहेर राहतील, आजारीच आत येतील आणि निधी रिकामा होईल. पगारपत्रकावरील वजावट ऐच्छिक का नसते, याचे उत्तर येथे आहे.

हा विचार सरकारच्या गळी उतरावयास फार काळ लागला. १९२९ साली ब्रिटिश सरकारने जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. त्यात जोशी सदस्य होते. दिवाण चमनलाल, श्रीनिवास शास्त्री आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्लाही होते. ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये या आयोगावरून वादळ उठले. परकीय सरकारच्या आयोगावर बहिष्कार घालावा, असे अनेकांचे मत होते. १९२९ च्या अखेरीस नागपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात संघटना दुभंगली आणि जोशी बाहेर पडले. 'सरकारने नेमलेला माणूस' ही टीका त्यांच्यावर झाली. बहिष्कारवाद्यांचे म्हणणे तत्त्वाला धरून होते, यात शंका नाही. तरीही प्रस्तुत लेखकास वाटते की, आयोगात कामगारांच्या बाजूने प्रश्न विचारणारा माणूस नसता, तर त्याचा अहवाल अधिक कोरडा झाला असता. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातील शिफारशींच्या आधाराने पुढील काही वर्षांत अनेक कामगार कायदे सुधारले गेले. आजारपणाच्या विम्याबाबत मात्र गाडी अडली. कामगार किती आजारी पडतात याची आकडेवारीच उपलब्ध नाही, हे कारण पुढे येत राहिले. आकडे गोळा करावयाचे तर खर्च कोणी करावा, यावर केंद्र व प्रांत एकमेकांकडे बोट दाखवीत. अशी दहा-बारा वर्षे गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिस्थिती बदलली. कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि कामगारांच्या आरोग्याकडे डोळेझाक करणे सरकारला परवडेनासे झाले. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या वतीने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. आडारकर हे अलाहाबाद विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर केला. इंग्लंडमध्ये १९४२ साली विल्यम बेव्हरिज यांनी सामाजिक विम्याचा अहवाल लिहिला होता. त्यावरून आडारकरांना 'छोटे बेव्हरिज' म्हटले गेले. त्यांच्या योजनेचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी परीक्षण केले. आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा ही तिन्ही संकटे एकाच विम्याखाली आली. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा संमत झाला. नव्या व्यवस्थेत बाळंतपणाचा खर्च एका मालकाच्या खिशातून नव्हे, तर सामाईक निधीतून द्यावयाचा होता. आंबेडकरांनी व जोशींनी ज्या पेचाशी झुंज दिली होती, तो निदान कागदावर तरी सुटला.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना प्रत्यक्ष सुरू झाली ती झाशीपासून रेल्वेने सुमारे २२० किलोमीटरवर असलेल्या कानपुरात, आणि त्याच वेळी दिल्लीत. दोन्ही ठिकाणचे मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार तिच्या कक्षेत आले. कानपूरच्या समारंभास पंतप्रधान नेहरू उपस्थित होते आणि पहिले मानद विमाधारक म्हणून त्यांनी नोंदणीच्या अर्जावर स्वाक्षरी केली. नागपूरच्या त्या अधिवेशनानंतर बावीस वर्षे लोटली होती. मुंबईच्या कामगारांना ही योजना १९५४ साली लागू झाली. पुढील वर्षी, ३० मे १९५५ रोजी, जोशी निवर्तले.

आता दुसऱ्या रकान्याकडे वळू. आजार बरा होतो. म्हातारपण बरे होत नाही. त्यासाठी वेगळी तजवीज हवी. नोव्हेंबर १९५१ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९५२ साली त्याचे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्यात रूपांतर झाले. आरंभी सिमेंट, सिगारेट, यंत्रसामग्री, लोखंड-पोलाद, कागद व कापड या सहाच उद्योगांतील, पन्नास किंवा अधिक कामगार असलेले कारखाने त्यात होते. वर्गणी होती सव्वासहा टक्के. टक्क्यांच्या भाषेत हा आकडा विचित्र वाटतो. पण त्या काळी रुपयाचे सोळा आणे असत. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. हिशेब कोणालाही तोंडी करता येई, आणि हे त्या योजनेचे बळ होते. पुढे हे प्रमाण वाढत जाऊन सर्वसाधारणपणे दोहोंकडून बारा टक्के झाले.

भविष्य निधी आणि निवृत्तिवेतन यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. निधी म्हणजे साठवलेले पैसे. ते एकरकमी हाती येतात आणि मुलीच्या लग्नात किंवा घराच्या छपरात खर्च झाले की संपतात. निवृत्तिवेतन दरमहा, जिवंत असेपर्यंत मिळते. झाशीच्या रेल्वे कामगारांनी हा फरक अनुभवला आहे. रेल्वेत पूर्वी भविष्य निधीचीच पद्धत होती. १६ नोव्हेंबर १९५७ पासून रेल्वेत निवृत्तिवेतन योजना आली आणि आधीपासून सेवेत असलेल्यांना जुनी किंवा नवी पद्धत निवडण्याची मुभा मिळाली. १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागलेल्यांना मात्र शेवटच्या पगारावर आधारलेले ते निश्चित वेतन मिळेनासे झाले. त्यांची वर्गणी बाजारात गुंतवली जाऊ लागली. त्यावरून बराच असंतोष झाला. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना, रेल्वेसह, किमान निवृत्तिवेतनाची हमी देणाऱ्या एकीकृत योजनेचा पर्याय देण्यात आला. कारखान्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांचे म्हातारपण केवळ रुजू होण्याच्या तारखेमुळे वेगळे ठरावे, हे त्या दोघांना पटवून देणे कठीण आहे.

खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. मालकाच्या बारा टक्क्यांतील काही भाग तिच्यात जातो. मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. येथेच अनेकांचे नुकसान होते. नोकरी सुटली की निधीसह सर्व रक्कम काढून घ्यावयाची आणि नव्या ठिकाणी नव्याने आरंभ करावयाचा, असे चार-पाच वेळा घडले की वीस वर्षे राबूनही दहा वर्षांची सलग नोंद उरत नाही. २०१४ पासून प्रत्येक सदस्यास एकच कायम खाते क्रमांक मिळू लागला तो याचसाठी. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच ठेवून जुनी सेवा नव्या सेवेस जोडून घेता येते.

हे सारे नोंदलेल्या कामगारांचे. झाशीच्या आसमंतात दगडाच्या खाणी आहेत, खडी फोडणारी यंत्रे आहेत. तेथील धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. दगडातील सूक्ष्म कण तेथे रुतून बसतात, फुप्फुसाचा तो भाग निबर होतो आणि माणसाला धाप लागते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस औषधाने परत येत नाही. कायद्याने हा व्यवसायजन्य रोग मानला आहे आणि त्याची भरपाई मिळू शकते. परंतु त्यासाठी आपण अमुक खाणीत अमुक वर्षे काम केले, याचा पुरावा लागतो. हजेरीपटावर नावच नसेल तर पुरावा कोठून आणणार? १९२३ च्या कायद्याने दोष सिद्ध करण्याचे ओझे उतरविले. कामावर होतो हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र असंघटित मजुराच्या डोक्यावर तसेच राहिले. २०२१ साली असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू करण्यात आली. वर उल्लेखिलेले अनेक जुने कायदे तिच्यात एकत्र केले आहेत आणि मोबाइलवरून कामे घेणाऱ्या मजुरांचाही तिच्यात प्रथमच विचार झाला आहे. या तरतुदी खाणीपर्यंत कशा पोहोचतात, हे नोंदणीवर अवलंबून राहील.

मोठ्या कारखान्यांच्या दारांत आज कायम कामगारांइतकीच कंत्राटी कामगारांचीही वर्दळ असते. ठेकेदार बदलतो, माणसे तीच राहतात. अशा कामगाराने तीन कागद जपून ठेवावेत: नेमणुकीचे पत्र, दरमहाचे पगारपत्रक आणि भविष्य निधीच्या खात्याचा उतारा. पगारातून रक्कम कापली गेली आणि खात्यात मात्र जमा झाली नाही, असे उताऱ्यावरून दिसले, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. ठेकेदार गाशा गुंडाळून निघून गेला असला, तरी ज्या कारखान्यासाठी काम झाले त्या मूळ मालकाकडून ती रक्कम वसूल करता येते. आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. लग्नापूर्वी भरलेल्या अर्जावरील नाव पुष्कळांच्या खात्यावर वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते.